नायक आधी नाही म्हणतो

महाशिवरात्रीच्या आठवड्यात शहाद्याहून तोरणमाळच्या रस्त्याला लागलं, की कडेने अनवाणी चालणारी माणसं दिसू लागतात. त्यांत महाराष्ट्रातली असतात, तशी गुजरात आणि मध्य प्रदेशातलीही. सातपायरीचा घाट चढून ती सुमारे 1,150 मीटर उंचीवर पोचतात आणि गोरक्षनाथाच्या देवळापुढे रांगेत उभी राहतात. तिथून जवळच मच्छिंद्रनाथांची गुहा दाखवतात.

मच्छिंद्रनाथ आणि गोरक्षनाथ या गुरु-शिष्यांची कथा आठवून पाहा. ज्याने इतरांना जोग दिला, तो गुरूच स्त्रीराज्यात असा रमला की बाहेर पडायचं नाव घेईना. शिष्याला वाजंत्र्याच्या वेशात तिथे शिरावं लागलं आणि मृदंगाच्या बोलांतून त्याला हाक घालावी लागली. गुरू निघाला खरा, पण झोळीत सोन्याची वीट लपवून. वाटेत तो शिष्याला पुन्हा पुन्हा विचारतो, ‘पुढे काही भय तर नाही ना?’ शिष्याच्या लक्षात येतं. तो वीट हळूच फेकून देतो आणि सांगतो, की भय मागेच राहिलं.

घाट चढून ज्याच्या गुहेपाशी माथा टेकायचा, तो कथेत असा पाय ओढत निघालेला प्रवासी आहे. अद्भुत कथांमधला हा न निघणारा नायक, आणि तो अखेर निघेपर्यंतची सुरुवातीची प्रकरणं, हा या लेखाचा विषय. इंग्रजी कादंबऱ्यांमुळे तो आपल्या चर्चेत आला, म्हणून तिकडचाच असावा अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे त्याची परंपरा जुनी आहे आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यातून पाहिलं तर ती बरीच वेगळी दिसते.

हाक, नकार, हात, उंबरा

आधी मांडणी पाहू. व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने 1928 साली परीकथांचा सांगाडा मांडला आणि त्यात 31 घटना मोजल्या. त्याच्या यादीत सुरुवातीला कुणीतरी घर सोडून जातं, कुणाला तरी काहीतरी करू नकोस म्हणून बजावलं जातं, आणि ती मनाई मोडली जाते. तिथून नुकसान होतं आणि ते भरून काढायला नायक निघतो. निघताना त्याच्या मनात काय चालतं, याची प्रॉपला पर्वा नाही. त्याचा नायक म्हणजे एक काम आहे, माणूस नाही.

मन आणलं ते जोसेफ कॅम्बेल या अमेरिकन अभ्यासकाने. 1949 साली आलेल्या त्याच्या पुस्तकात जगभरच्या पुराणकथांमधून एकच मोठा प्रवास दाखवला आहे. त्याचे 17 टप्पे असून पहिले पाच प्रस्थानाचे आहेत: हाक येते, नायक ती नाकारतो, अलौकिक मदत मिळते, तो पहिला उंबरा ओलांडतो आणि शेवटी माशाच्या पोटात गडप व्हावं तसा जुन्या जगातून नाहीसा होतो. पुढे हॉलिवूडच्या पटकथाकारांनी या मांडणीचं पाठ्यपुस्तक केलं. तेव्हापासून नायकाने दहाव्या मिनिटाला नाही म्हणावं आणि विसाव्या मिनिटाला हो, असं गणितच बसून गेलं.

मराठीत यासाठी चार शब्द पुरतात: हाक, नकार, हात आणि उंबरा. हात म्हणजे मदतीचा हात. उंबऱ्याला तर आपल्याकडे कथेबाहेरही सणाचं रूप आहे. दसऱ्याला गावाची शीव ओलांडून परत यायचं, त्याला आपण सीमोल्लंघन म्हणतो. ते वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सगळ्या गावाने मिळून करायचं असतं. म्हणजे शीव ओलांडणं ही सोपी गोष्ट नाही, तिला मुहूर्त आणि सोबत लागते, एवढी जाण आपल्या पंचांगातच आहे.

आजोळचं रक्त

आधुनिक कल्पनारम्य कादंबरीत नाखूश नायकाचा नमुना घालून दिला तो जे. आर. आर. टॉल्किनने, 1937 सालच्या ‘द हॉबिट’मध्ये. बिल्बो बॅगिन्स हा पन्नाशीचा, खाऊनपिऊन सुखी, ठेंगणा गृहस्थ. त्याच्या दारात एक म्हातारा जादूगार येतो, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला एकामागून एक तेरा बुटके घरात घुसतात. आलेल्यांना नाही म्हणवत नाही म्हणून तो फराळाचं काढत राहतो. घरातला केक संपतो, भांडी पडतात, आणि बिल्बो मनात चरफडतो. आगंतुक पाहुण्यांनी गांजलेल्या कोणाही मराठी गृहस्थाला हे प्रकरण आपलंच वाटेल.

टॉल्किनने त्याच्या नकाराला दिलेलं कारणही आपल्या ओळखीचं आहे. बिल्बोचं बापाकडचं घराणं सभ्य, कधी काही वावगं न करणारं. आईकडचं घराणं मात्र भटकं, साहसाची खोड असलेलं. बुटके रात्री गाऊ लागतात तेव्हा त्याच्यातलं आईचं रक्त जागं होतं. आपण ज्याला ‘हा आजोळवर गेलाय’ म्हणतो, तेच. त्याचा नकार म्हणजे एका देहात दोन घराण्यांचं भांडण आहे. सकाळी तो अखेर पळत सुटतो, तो टोपी, काठी, पैसे आणि हातरुमाल घरी विसरून. हा हातरुमाल पुढेही त्याला आठवत राहतो. घर सुटल्याची खूण म्हणून टॉल्किनने तलवार निवडली नाही, हातरुमाल निवडला, आणि त्यात त्याचं कसब दिसतं.

1954-55 साली आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये हीच गोष्ट गंभीर होते. फ्रोडोला अंगठी मिळते ती तेहतिसाव्या वाढदिवसाला, आणि तो घर सोडतो पन्नासाव्या. मधली सतरा वर्षं तो नुसता घरात राहतो. अंगठी काय आहे हे जादूगार सांगतो, तेव्हा त्याची पहिली प्रतिक्रिया ‘हे माझ्याच हयातीत का घडावं’ अशी असते. त्यानंतरही निघायला त्याला वसंतापासून शरदापर्यंतचा वेळ लागतो. तो घर विकतो, तेही नावडत्या नातलगांना. वाचक कंटाळला तरी टॉल्किन ही प्रकरणं कापत नाही. पुढची हजार पानं कशासाठी आहेत, हे त्या दिरंगाईतून कळतं.

याच पंक्तीत उलटी उदाहरणंही आहेत. उर्सुला ले ग्विनच्या 1968 सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीतला गेड हा शेळ्या राखणारा मुलगा. त्याचा पहिला गुरू मौनी, सावकाश चालणारा आहे. पावसात भिजत चालायचं, वनस्पतींची नावं शिकायची, एवढंच तो शिकवतो. गेडला दम धरवत नाही. तो नाही म्हणतो ते घरी राहण्याला, आणि त्या घाईतून पुढचं सगळं संकट उभं राहतं. नकार हा नेहमी भित्र्याचाच असतो असं नाही, ही गोष्ट ले ग्विन अशी उलट बाजूने दाखवते. हॅरी पॉटर तर निघायला एका पायावर तयार असतो. पत्रं फाडतो, दारं ठोकून बंद करतो, तो त्याचा मावसा. तिथे नकाराची भूमिका नायकाकडून काढून पालकाला दिली आहे.

ही पुस्तकं मराठीतही आली आहेत. ‘हॉबिट’ मीना किणीकरांनी केलं, ‘स्वामी मुद्रिकांचा’ ही टॉल्किनची त्रिखंडात्मक कादंबरी मुग्धा कर्णिकांनी, आणि हॅरी पॉटर मंजूषा आमडेकरांनी. पॉटरच्या पहिल्या पुस्तकातला दगड मराठीत ‘परीस’ झाला, आणि त्या एका शब्दाने ती वस्तू आपल्या गोष्टींच्या कुळात येऊन बसली. पण अनुवाद वाचणाऱ्या आपल्या तरुण वाचकाला वाटतं, की अडखळणारा नायक आपल्याला आत्ता भेटतोय. तो आजोबांच्या पोथीत आधीच बसलेला होता.

रथातून उडी

महाभारतातला विराटपर्वाचा भाग घ्या. कौरवांनी विराटाच्या गाई वळवल्या आहेत, राजा दुसऱ्या लढाईत गुंतला आहे, घरी आहे तो राजपुत्र उत्तर. स्त्रियांच्या घोळक्यात बसून तो बढाया मारतो, की चांगला सारथी मिळाला असता तर एकट्याने कौरवांना पिटाळलं असतं. सारथी म्हणून नाच शिकवणारी बृहन्नडा पुढे येते. निघताना राजकन्या उत्तरा सांगते, की आमच्या बाहुल्यांना शत्रूंची रंगीत वस्त्रं आणा. एका ओळीच्या या मागणीने युद्ध आणि बाहुलीघर शेजारी शेजारी येऊन बसतं.

समोर कौरवसेना दिसताच उत्तराच्या अंगावर काटा येतो. तो परत फिरायला सांगतो. बृहन्नडा ऐकत नाही तेव्हा तो रथातून उडी टाकून पळत सुटतो, आणि बृहन्नडा वेणी-वस्त्रं सावरत त्याच्यामागे धावते. सैन्य हसतं. पकडून आणल्यावर तो तिला सोनं, रत्नं, घोडे देऊ करतो, पण मला घरी सोड म्हणतो. मग त्याला शमीच्या झाडावर चढून शस्त्रं काढायला सांगितलं जातं, तिथेही तो अडतो. झाडाला प्रेत बांधलंय अशी वदंता आहे, राजपुत्राने ते कसं शिवावं, हा त्याचा प्रश्न. शेवटी तो चढतो, गाठोडं सोडतो, आणि ज्याला नाच शिकवणारा समजत होता तो अर्जुन आहे हे त्याला कळतं.

कॅम्बेलचे सगळे टप्पे इथे आहेत, पण जागा बदलून. हाक येते ती स्वतःच्याच बढाईतून. नकार येतो तो उंबरा ओलांडल्यावर. मदत करणारा आधीपासून रथात बसलेला आहे आणि तोच खरा वीर आहे. उत्तर नायक होत नाही, तो सारथी होतो. त्याला जमेल ते काम कथा त्याला देते आणि लाज न आणता घरी पोचवते. पाश्चात्त्य नमुन्यात नाखूश नायकाने शेवटी तलवार उचललीच पाहिजे अशी सक्ती असते. व्यासांच्या कथेत भित्र्यालाही एक जागा आहे.

आणि मग आहेच कुरुक्षेत्र. ज्याने पळणाऱ्या उत्तराला धरून आणलं, तोच अर्जुन तिथे धनुष्य टाकून बसतो. पण त्याच्या नकाराची जात वेगळी. समोरची माणसं आपली आहेत, हे त्याचं म्हणणं भीतीतून आलेलं नाही. त्याला उत्तर द्यायला अठरा अध्याय लागले, आणि ते मराठीत सांगायला ज्ञानेश्वरांना 1290 साली नऊ हजार ओव्या. एका माणसाच्या ‘मी लढणार नाही’ला इतकं सविस्तर, इतकं अदबीने उत्तर देणारं दुसरं काव्य सहसा सापडायचं नाही.

लिदीचा खड्डा

पण माझ्या मते नकाराची सगळ्यांत भेदक गोष्ट नाथपंथी परंपरेतली आहे. ‘नवनाथ भक्तिसार’ ही धुंडीसुत मालू यांची 40 अध्यायांची पोथी शके 1741 म्हणजे इसवी सन 1819ची. खानदेशात आणि घाटावर ती आजही घरोघर वाचली जाते. भक्तीचा ग्रंथ म्हणून तिला हात जोडले जातात, त्यामुळे ती मराठीतली केवढी मोठी अद्भुतकथा आहे हे बघायचं राहून जातं. मंत्रास्त्रांची युद्धं, आकाशमार्गे प्रवास, मातीच्या बाहुल्यात भरलेला जीव, उकिरड्यातून बारा वर्षांनी उठून आलेला मुलगा, सगळं तीत आहे.

तीत गोपीचंद भेटतो. हेलापट्टणचा हा तरुण राजा. बाप वारलेला, राण्यांचा मोठा परिवार, राज्य भरभराटीला आलेलं. त्याची आई मैनावती माडीवरून एक जोगी पाहते. त्याच्या डोक्यावरचा गवताचा भारा डोक्याला न टेकता अधांतरी चालला आहे. हे जालंदरनाथ. ती त्यांची शिष्या होते. मग एक दिवस मुलाचं देखणं शरीर पाहून तिच्या डोळ्यांत पाणी येतं, की हेही बापासारखं राख होणार. ती त्याला सांगते, तू जोग घे.

इथे हाक देणारी आई आहे. बिल्बोच्या दारातला जादूगार काहीही न गमावता त्याला बाहेर काढतो. मैनावतीला मात्र हाक ऐकली गेली तर मुलगाच गमवायचा आहे.

गोपीचंद कुरकुरत का होईना, विचार करू म्हणतो. पण पट्टराणी लुमावंतीने हे चोरून ऐकलेलं असतं. ती त्याचे कान भरते, की सासूबाईंचं मन त्या जोग्यावर आहे आणि तुला वाटेतून काढायचा हा डाव आहे. राजा रातोरात जालंदरनाथांना धरून आणवतो, खोल खड्ड्यात ढकलतो आणि वर घोड्यांची लीद टाकून खड्डा बुजवून टाकतो. हाक नाकारण्याची तऱ्हा म्हणाल तर हीच. हाक देणाऱ्यालाच गाडून टाकायचं आणि वरून शेणलीद पसरायची. कॅम्बेलच्या योजनेत माशाच्या पोटात नायक जातो, इथे जमिनीच्या पोटात गुरू जातो आणि वर्षानुवर्षं तिथे शांत बसून राहतो.

पुढे जालंदरनाथांचे शिष्य कानिफनाथ गुरूच्या शोधात येतात. चूक उघडी पडते. पण खड्डा उकरताना आतून प्रश्न येणार, की वर कोण? नाव सांगणारा तिथल्या तिथे जळून जाईल. कानिफ युक्ती करतात. राजाच्या आकाराचे धातूंचे पाच पुतळे बनवून घेतात. प्रत्येक वेळी एक पुतळा खड्ड्याच्या तोंडाशी उभा करायचा, राजाने आपलं नाव सांगायचं आणि चटकन बाजूला व्हायचं. आतून शाप येतो, पुतळ्याची राख होते. असं पाच वेळा. पाचव्या राखेनंतरही वर गोपीचंद आहेच, असं ऐकल्यावर गुरू बाहेर येतात आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवतात.

हे पाच पुतळे म्हणजे गोष्टीतली नुसती करामत वाटत नाही. सोन्याचा, रुप्याचा, लोखंडाचा राजा एकेक करून जळाल्याशिवाय आतला माणूस प्रवासाला मोकळा होत नाही. मालूकवी असा अर्थ सांगत बसत नाहीत, गोष्ट पुढे नेतात. दीक्षेनंतर गोपीचंद पहिली भिक्षा मागतो ती आपल्याच घरी, आई आणि राण्यांकडे. बहीण चंपावतीच्या सासरी जातो तर तिथे त्याची हेटाळणी होते आणि भावाला जोग्याच्या वेशात पाहून ती प्राण सोडते. गुरूला येऊन तिला उठवावं लागतं. एका माणसाने उंबरा ओलांडला की घरातल्या प्रत्येकाचं काय होतं, याचा हिशेब ही कथा चुकता करते.

नाथकथांची ही ताकद मराठी सिनेमाने लवकर ओळखली. प्रभात कंपनीचा ‘माया मच्छिंद्र’ 1932 साली आला, व्ही. शांतारामांनी दिग्दर्शित केलेला. गोविंदराव टेंबे मच्छिंद्र, दुर्गा खोटे राणी आणि मास्टर विनायक गोरक्ष. मराठी बोलपटाच्या पहिल्याच वर्षात मराठी माणसाने पडद्यावर पाहिलेला एक नायक हा असा घर न सोडवणारा होता.

अद्भुत कादंबरीतला रिकामा उंबरा

छापील कादंबरीत मात्र हा धागा तुटला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868ची. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे नायक-नायिका सद्गुणांचे पुतळे आहेत. त्यांच्यावर संकटं कोसळतात, ताटातूट होते, योगायोगाने भेट होते. पण निघू की नको या विचाराने त्यांची झोप उडत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1902 साली ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तविक असा भेद चर्चेला घेतला, तोवर मराठी अभिरुची हरिभाऊ आपट्यांच्या मागे वास्तवाकडे वळली होती. मन वास्तववादी कादंबरीकडे गेलं आणि नवल अद्भुत कादंबरीकडे राहिलं. दोन्हींची गाठ पडायला हवी होती, ती नीट पडली नाही.

नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने अद्भुताची गोडी पिढ्यान्‌पिढ्या टिकवली. स्वतः नाथमाधव ऐन तारुण्यात सिंहगडावर कड्यावरून पडले आणि कमरेखाली अधू झाले. पुढचं सारं लेखन त्यांनी अंथरुणावरून केलं. त्यांच्या कथेतले वीर मात्र पाय न अडखळता दौडत राहतात. ‘चांदोबा’तला विक्रम राजाही तसाच. वेताळ झाडावर परत गेला की हा पुन्हा त्याच वाटेने निघतो. हट्ट हा त्याचा स्वभाव, शंका त्याला शिवत नाही. आम्ही मुलं त्याच्यावर खूश होतो, पण आपण त्याच्यासारखे आहोत असं कुणाला वाटल्याचं आठवत नाही.

ज्यांना नाही म्हणता येत नाही

इथे एक प्रश्न राहतो. नाही म्हणायला आधी घर लागतं. बिल्बोकडे भरलेलं कोठीघर आहे, गोपीचंदाकडे राज्य. ज्याला घरातून हाकललं जातं त्याच्या कथेत नकाराचं प्रकरण कुठून येणार?

श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीत नावडती सून आहे. तिला उष्टं खायला, फाटकं नेसायला आणि गुरांच्या बेड्यात राहायला. ती रानात जाते ती साहसाची हाक आली म्हणून नाही, घरात जागा नाही म्हणून. तिथे तिला नागकन्या आणि देवकन्या भेटतात आणि वसा सांगतात. तांदूळ, तीळ, मूग, जव, दर सोमवारी मूठभर. मदतीचा हात मिळतो, देऊळ सोन्याचं होतं, पण तिला कुणी विचारलेलं नाही, की जाशील का. आपल्या कहाण्यांमधल्या बायकांना हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नाखूश नायकाच्या सगळ्या चर्चेत नायक बहुधा पुरुष का, याचं उत्तर या बेड्यात आहे.

नंदुरबारमध्ये हे कहाणीपुरतं राहत नाही. धुळ्यातून वेगळा होऊन 1 जुलै 1998 रोजी हा जिल्हा झाला. 2011च्या जनगणनेनुसार इथली जवळपास 69 टक्के वस्ती आदिवासी आहे. दिवाळी झाली की कित्येक पाड्यांवरची घरं बंद होतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब धरून कुटुंबं दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात तोडणीला जातात, मुलंही मागोमाग. घर सोडणं, अनोळखी मुलूख, परतायची तारीख नक्की नाही, असे प्रस्थानाचे सगळे टप्पे त्यांत आहेत. पण त्याला कुणी साहस म्हणत नाही, आणि ‘नाही’ म्हणायची सोय उचल घेतली त्या दिवशीच संपलेली असते. ज्या मुलाने सहा वेळा घर सोडलंय त्याला बिल्बोचा हातरुमाल कसा समजावायचा? मला वाटतं, तो आपल्यापेक्षा लवकर समजेल. मागे काय राहिलं याची यादी त्याला पाठ असते.

सातपुड्यातला उंबरा

याच डोंगरात उंबरा ओलांडण्याची एक जिवंत रीत आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. नवस बोललेले पुरुष त्या दिवसांत बावा किंवा बुध्या होतात. अंगभर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू. त्याआधीपासून पाळणूक सुरू होते: खाटेवर झोपायचं नाही, बायकोपासून दूर राहायचं, पायात काही घालायचं नाही. घरातच राहून माणूस घराबाहेरचा होतो, मग एका होळीवरून दुसऱ्या होळीला नाचत जातो आणि नवस फिटला की पुन्हा शेतावर. हाक इथे देवाची असते आणि होकार माणसाने आधीच, अडचणीत असताना दिलेला असतो. फेडायला मुदत मिळते, सोबतीला गाव असतं, आणि परतायचं हे ठरलेलं असतं.

याहामोगी ही सातपुड्याची माता. ‘याहा’ म्हणजे आई. सीमेपलीकडे देवमोगऱ्याला तिचं ठाणं आहे आणि शिवरात्रीला तिथे नव्या धान्याच्या टोपल्या घेऊन लोक जातात. दुष्काळात माणसांना जगवणारी, कोठार उघडणारी ही आई. राजा पांठा, गांडा ठाकूर यांच्यासह तिच्या गाथा इथल्या बोलींत गायल्या जातात. या डोंगरात सर्वांत मोठी जी देवता आहे, तिचा पराक्रम राक्षस मारण्याचा सांगत नाहीत. तिने धान्य वाटलं, असं सांगतात.

आणि या जिल्ह्याने नकाराचं आणखी एक रूप पाहिलं आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली 33 गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यांतलं नर्मदाकाठचं मणिबेली सुरुवातीला पाण्यात गेलं. पाणी घरात शिरलं तरी हलणार नाही, असं म्हणून माणसं उभी राहिली. काहींचं पुनर्वसन तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर झालं, काही डोंगरात वर सरकली. कादंबरीच्या गणिताने पाहिलं तर ही मंडळी पहिल्या प्रकरणातच अडकली, उंबऱ्यापाशीच थांबली. तिथे थांबणं हाच त्यांचा पराक्रम होता, हे त्या गणितात बसत नाही. त्यांना हाक देणाऱ्याचं स्वतःचं काहीही बुडणार नव्हतं, हा फरकही त्यात कुठे मोजत नाहीत.

निवाडा

एवढं पाहिल्यावर या प्रश्नाचा निवाडा असा करता येईल. नकार हा नायकाच्या प्रवासातला एक सोपस्कार आहे, असं मानणाऱ्या कथा लवकर विसरल्या जातात. दहाव्या मिनिटाचा ठरलेला नकार प्रेक्षकही घड्याळ लावून पाहतो. टिकून राहिल्या त्या कथा नकाराला वेळ देतात. टॉल्किन सतरा वर्षं देतो, व्यास अठरा अध्याय देतात, मालूकवी पाच पुतळे जाळतात. आणि आपल्या परंपरेने या चर्चेत घातलेली भर म्हणजे दोन प्रश्न. हाक देणारा स्वतः काय गमावतो? आणि ज्याला हाक दिली त्याला खरोखर नाही म्हणता येतं का? मैनावतीची हाक पहिल्या प्रश्नाला उतरते. शिवामुठीतली सून दुसऱ्या प्रश्नाला उतरत नाही, आणि म्हणून तिची गोष्ट गोड शेवटानंतरही सलत राहते.

मराठीत आज कल्पनारम्य लेखन पुन्हा होऊ लागलं आहे. लिहिणाऱ्यांना विनंती एवढीच, की ड्रॅगन आणि तलवारी थोड्या उशिरा येऊ द्या. नायकाचं घर आधी लिहा: त्याचं कोठार, त्याची गाय, त्याच्या आईचं म्हणणं, त्याच्या डोक्यावरची उचल. आणि नंदुरबारच्या आश्रमशाळांत शिकवणाऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं. सातपुड्यातल्या गाथा मुलांकडून त्यांच्याच बोलीत, आजी-आजोबांना विचारून उतरवून घ्या. उतरवताना निघण्याआधीचा लांबलेला भाग रटाळ वाटला तरी गाळू नका. तोरणमाळच्या गुरूने वीट का लपवली होती, हे त्या भागातच सांगितलेलं असतं.